रोबोच्या चाकाखालचं लिंबू

बेचाळिसाव्या वर्षी माणूस रोबो का बांधतो, याचं उत्तर मी ऑफिसात एक देतो आणि घरी दुसरं. दोन्ही खोटी आहेत. खरं इतकंच, की लहानपणी टीव्हीवर एका परदेशी मालिकेत पिंपासारखा एक रोबो यायचा, आणि तो दारातून आत आला की मोठी माणसं बाजूला व्हायची. माझ्यासाठी अजून कुणी बाजूला झालेलं नाही. म्हणून मी तो बांधायला घेतला. अगदी तसाच, त्याच उंचीचा, म्हणजे माझ्या छातीपर्यंत येणारा, आणि रिमोटवर चालणारा.

या कानडी शहराच्या एचएसआर लेआउट भागातल्या आमच्या फ्लॅटची एक बाल्कनी त्यात गेली. मग धुणं वाळत घालायची दुसरी बाल्कनीही गेली. बायको म्हणाली, "याला रेशनकार्डात घालून घे, म्हणजे निदान साखर तरी मिळेल."

असे रोबो बांधणाऱ्यांचा इंटरनेटवर एक जागतिक गट आहे. ही मंडळी फार कडक. डोक्यावरचा दिवा पाव इंच डावीकडे गेला तर फोटोखाली लांबलचक टीका येते. सगळी मापं इंचात, कारण मूळ वस्तू तिकडची. मी ती मिलिमीटरमध्ये करून घ्यायचो. आकडे विचित्र यायचे. पण आकडे गोल करणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

चाकांचे हब मात्र मला जमेनात. हब म्हणजे चाकाच्या मधला धातूचा गोल तुकडा, ज्याच्या भोकातून दांडा, म्हणजे शाफ्ट, जातो. असे चार हवे होते. तेव्हा मला बाबा आठवले. उगाच लाजायचं कशाला, वडील मला कामापुरतेच आठवतात.

बाबा इथल्या एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं होते. आता आई आणि ते राजाजीनगरला राहतात. घरापासून चालत दहा मिनिटांवर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका माणसाची शेड आहे. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलतो पण मधूनमधून कन्नड घालून, आणि बाबांना अण्णा म्हणतो. त्याच्याकडे सगळी मशीनं कॉम्प्युटरवाली झाली होती. एक जुना साधा लेथ त्यानं कोपऱ्यात तसाच ठेवला होता, फक्त बाबांसाठी. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबा डबा घेऊन तिथे जायचे. कुणाच्या मिक्सरचा दांडा, कुणाच्या शिलाई मशीनची पुली असं काहीबाही करायचे. निवृत्तीनंतरची बारा वर्षं त्यांनी या दोन वारांवर काढली. उजवा हात जरा थरथरायला लागला होता, चहाची बशी वाजायची. पण मंगळवार चुकला नाही.

मी त्यांना हबचं ड्रॉइंग पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो.

"अरे, भोक सोळा लिहिलंयस. बरोबर सोळाच ना? शाफ्ट आणून देतोस का, मापून घेतो."

"हो हो बाबा, सोळाच. ड्रॉइंगप्रमाणे करा."

"शाफ्ट दिलास तर बरं."

"बाबा, मीटिंग आहे."

चार हब आले. ॲल्युमिनियमचे, आरशासारखे, वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळलेला. मी बसवले, रोबो चालवला, आणि तो लग्नातून जास्त जेवून निघालेल्या माणसासारखा डुलत निघाला. चाकं लटलटत होती. दोन दिवस मी खटपट केली आणि मग निदान केलं. बाबांचा हात. थरथरतो ना हल्ली.

बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना विचार ना." मी म्हणालो, "कशाला वाईट वाटून द्यायचं म्हाताऱ्याला?" किती समजूतदार मुलगा! त्या जागतिक गटावरही लिहिलं, वडिलांनी प्रेमानं केलं, पण वय झालं. त्याखाली लाल बदामांची रांग लागली. मग थ्रीडी प्रिंटरवर काळ्या प्लास्टिकचे हब काढले, दांड्यावर घट्ट बसेपर्यंत घासून घासून. रोबो सरळ चालायला लागला. निदान सिद्ध झालं. बाबांचे चार हब एका जुन्या मोज्यात घालून मी चपलांच्या कपाटात ठेवले आणि बाबांना कळवलं, "फर्स्ट क्लास बसलेत."

पुढे खंडेनवमी आली. इथे त्या दिवशी सगळं शहर आपापल्या यंत्रांना हळदकुंकू लावतं. आमच्या सोसायटीच्या तळघरात गाड्या धुऊन, हार घालून रांगेत उभ्या राहतात. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवायचं, कोहळा फोडायचा, आणि गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची. मी रोबोही रांगेत उभा केला. हार घातल्यावर तो नगरसेवकासारखा दिसत होता. आई-बाबांना राजाजीनगरहून आणलं. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी इंग्रजीत, हिंदीत, कन्नडात सांगितलं, "याची चाकं मी केलीत."

लिंबं ठेवायचं काम बाबांनी घेतलं. मी "राहू द्या, मी ठेवतो" म्हणालो, तर म्हणाले, "मशीनखाली वाकायची सवय आहे मला." आणि खाली बसले.

हे मला सुचलं कसं नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. ज्या माणसापासून चाक लपवायचं, त्यालाच मी चाकाखाली लिंबू ठेवायला बोलावलं होतं.

पहिलं लिंबू ठेवलं. मग हात थांबला. अंगठ्याचं नख त्यांनी काळ्या हबवर दाबलं. दुसऱ्या चाकाकडे सरकले, तिथेही दाबलं. उरलेली लिंबं नीट ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, "अंकल, सुपर फिनिशिंग!"

"माझं नाही ते," बाबा म्हणाले. "त्यानं केलंय. छान केलंय."

मी रिमोट दाबला. रोबो सरळ रेषेत पुढे गेला, लिंबं फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही.

संध्याकाळी त्यांना परत सोडायला गेलो. गाडीत आई मागे बसल्या बसल्या झोपली होती. बाबा पुढे.

"हलत होती का चाकं?"

"थोडीशी."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मापात नाही तर नाही. त्यात वाईट काय?" असं म्हणून त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली ठेवला. घरी पोचल्यावर आतून त्यांचा व्हर्निअर घेऊन आले. मापायचं साधन, लाकडी पेटीतलं, पस्तीस वर्षं वापरलेलं. "तुला उपयोगी पडेल. मला आता काय करायचाय."

मी तो घेतला. नको म्हणायला हवं होतं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन. "अरे, हे मंगळवारी गेले नाहीत. शेडवाल्याला सांगून टाकलं म्हणे, माझा हात गेला, आता मी येत नाही. दिवसभर गॅलरीत बसून बसेस मोजतात. तू काही बोललास का?"

"मी? नाही गं." हे खरंच होतं. मी काहीच बोललो नव्हतो.

त्याच आठवड्यात मी दांड्यासाठी बेअरिंग घ्यायला इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेलो. सोळाचं मागितलं. दुकानदारानं माझा दांडा त्यात घातला आणि हलवून दाखवला, खटखट वाजला. "सर, ये इंच का माल है. पाच बटा आठ. आप एमएम का मांग रहे."

पाच अष्टमांश इंच. म्हणजे पंधरा पॉइंट आठ सात पाच मिलिमीटर. मी सोळा केला होता. फरक जेमतेम एका जाड कागदाइतका.

घरी येऊन मोजा काढला. चारही हब बाबांच्याच व्हर्निअरनं मापले. सोळा. चारही. कुठूनही लावा, सोळा. थरथरत्या हातानं त्या माणसानं मी मागितलं ते तंतोतंत दिलं होतं, आणि करायच्या आधी फोन करून विचारलंही होतं.

आता कुणीही सरळ माणूस रिक्षा करून राजाजीनगरला गेला असता. मी तयारी केली. माफीचा मसुदा केला. पहिल्या मसुद्यात "आपल्या दोघांमधल्या संवादात राहिलेली त्रुटी" असं वाक्य होतं. बायकोनं वाचून विचारलं, "हे वडिलांना पाठवतोयस की क्लायंटला?"

पहिल्या शनिवारी गेलो, तर आईनं थालीपीठ केलं होतं. गरम थालीपीठ समोर असताना असा विषय काढू नये. दुसऱ्या शनिवारी बाबांचं डोकं दुखत होतं. म्हणजे आई तसं म्हणाली, आणि मी मोठ्या आनंदानं विश्वास ठेवला. बाबा गॅलरीतून म्हणाले, "सत्तेचाळीस नंबर आज चार वेळा गेली." मी म्हणालो, "अरे वा."

तिसऱ्या शनिवारी मी मोजा आणि व्हर्निअरची पेटी टेबलावर ठेवली आणि डोळे मिटून सांगून टाकलं. इंच, मिलिमीटर, शिवाजीनगर, सगळं. शेवटी म्हणालो, "कालच कळलं मला."

हा 'कालच' मसुद्यात नव्हता. तो तोंडातून आपोआप आला.

बाबांनी व्हर्निअर मागितला. पेटी उघडताना हात थरथरत होता. व्हर्निअर हबला टेकला आणि थरथर थांबली. मी इतक्या वर्षांत हे कधी पाहिलंच नव्हतं. चारही मापून झाल्यावर ते म्हणाले, "मी तुला फोनवर विचारलं होतं."

"हो."

"शाफ्ट मागितला होता."

"हो."

"चल."

"कुठे?"

"शेडवर. त्याला मी सांगितलंय, माझा हात गेला. आता तू सांग कुणाचं काय गेलं ते." हे म्हणताना ते जवळजवळ हसले. हब मोज्यात भरून माझ्या हातात दिले, शर्ट बदलला. आईला म्हणाले, "डबा मंगळवारपासून." रस्ताभर इतके भरभर चालले, की मला धाप लागली.

शेडचा मालक मशीनवर होता. बाबांना पाहून हात पुसत पुढे आला. पण चेहरा खुलला नाही.

"अण्णा, या. स्वल्प बसा."

बाबा बसले नाहीत. ते कोपऱ्याकडे बघत होते. तिथे जमिनीवर तेलाचा काळा चौकोन होता आणि त्यातून चार बोल्ट वर आलेले.

"तुमी येत नाही म्हणालात ना अण्णा," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण हात लावणार त्याला? दोन आठवडे ठेवला. काल सकाळी होसूरचे भंगारवाले घेऊन गेले. तिकडे त्यांनी लगेच तोडायलाही घेतला म्हणे, पार्टसाठी."

"सरी, सरी," बाबा म्हणाले. "तुझं बरोबर आहे. जागा अडते." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. मग माझ्याकडे वळले. "सांग त्याला."

मी सांगितलं. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडून सांगितलं, "ड्रॉइंग माझं चुकलं होतं! बाबांचं काम बरोबर होतं!" मशीनवरच्या दोन कामगारांनी वळून पाहिलं.

त्यानं ऐकून घेतलं. मोज्यातले हब हातात घेऊन फिरवले. मग अगदी साधेपणानं, रागावून नव्हे, हिशेब जुळतो का ते पाहावं तसं विचारलं, "तुमाला कळलं कधी?"

बाबा माझ्याकडे बघत होते. उत्तर त्यांना माहीत होतं. मीच तासाभरापूर्वी दिलं होतं. तेच पुन्हा म्हणालो असतो तर निभावलं असतं. काल सकाळी लेथ गेला, मला कालच कळलं. नशिबाचा खेळ म्हणून तिघांनी चहा घेतला असता.

"दसऱ्यानंतरच्या आठवड्यात," मी म्हणालो.

तो बाबांकडे बघायला लागला. बाबांनी माझ्यावरची नजर काढली, हब त्याच्या हातातून घेतले आणि एकेक करून शर्टाच्या टोकानं पुसायला सुरुवात केली.