राउटरला लटकलेली चहाडखोर डबी

लोहाऱ्यातल्या आमच्या घरी राउटरला काडेपेटीएवढी एक डबी लटकलेली आहे. इंटरनेटची नाडी पाहायला जगभरच्या हौशी लोकांनी अशा डब्या घरी लावून घेतल्यात. दर काही मिनिटांनी ती दूरच्या एखाद्या संगणकाला हाक मारते आणि ओ यायला किती वेळ लागला ते लिहून ठेवते. आपण काय पाहतो, कोणाशी बोलतो, याच्याशी तिला घेणं नाही. तिची नोंद मात्र जगात कोणालाही पाहता येते. डबी फुकट पाठवणाऱ्यांची अट ती एवढीच, आणि मी ती आनंदानं मान्य केली होती. केबलवाला ‘तुमच्याच घरचा प्रॉब्लेम आहे’ म्हणाला, की मी त्याच्यासमोर डबीचा आलेख असा उघडायचो, जसा वकील भर कोर्टात सुरा काढून दाखवतो.

त्याच भरात मी डबीच्या पानाची लिंक सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. टाळ्या सगळ्यांनी पाठवल्या. लिंक उघडली एकट्या साळ्यानं.

साळा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, राहणार मारेगाव. एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

“काहून जवाई, दर रविवारी सकाळी सात ते नऊ घर बंद करून कुठी जाता?”

“कुठी नाही, भाऊ. घरीच असतो.”

“डबी तर मेलेली दिसते.”

“लाइन जाते.”

“घड्याळ पाहून जाते का?”

मी खोकलो. खोकला नव्हता, तरी बराच वेळ खोकलो.

त्याचं असं, की घरी एकदा शॉर्ट सर्किट झाल्यापासून बायको बाहेर पडताना मेन स्विच पाडते, आणि हे तिच्या भावालाही ठाऊक. घरासोबत डबीही झोपते. आणि रविवारी आम्ही जायचो एमआयडीसीत, रिकाम्या रस्त्यांवर बायकोला कार शिकवायला. लग्नाआधी तिनं भावाची मोपेड उभ्या तुरीत घातली होती. तो किस्सा साळ्यानं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढला आहे. पक्कं लायसन मिळवून आपण स्वतः गाडी त्याच्या दारात उभी करायची, तोवर त्याला वासही लागू द्यायचा नाही, असा तिचा पण होता.

फोनचं सांगितलं तशी ती कढई सोडून आली.

“म्हणजे आपण घरी नाही हे साऱ्या जगाले दिसते? चोरालेही?”

“चोर कायले आलेख पाहीन?”

“माह्या भावानं पाह्यलाच ना!”

मी डबीवाल्यांना लिहिलं, आमची नोंद लपवा. उत्तर अदबीचं आलं. नकाशावरचा ठिपका घरापासून जरा सरकवू, पण डबी कधी चालू, कधी बंद हे सगळ्यांना दिसणारच. प्रत्येकानं आपापलं झाकलं तर पाहायला उरेल काय? पटत नसेल तर डबी परत पाठवा.

जड मनानं मी डबी उपटायला गेलो. बायकोनं हात धरला.

“राहू द्या. मंग त्या केबलवाल्याले काय दाखवसान?”

पुढच्या रविवारी तिनं मेन स्विच पाडला नाही. फाटकातून तीनदा मागे फिरली, तीनदा स्विचकडे पाहिलं आणि देवाचं नाव घेऊन निघाली. आलेख अखंड वाहू लागला. “सुधरली वाटते तुमची लाइन,” साळा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

पक्कं लायसन हातात आलं त्याच आठवड्यात, रविवारी आम्ही निघालो. मारेगावपर्यंत मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतो. दारात तिनं लांबलचक हॉर्न दिला. साळा मोबाइल घेऊनच बाहेर आला. स्टिअरिंगमागच्या बहिणीकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा बहिणीकडे पाहिलं.

“बाई, तू त घरी हायेस!”

“हो ना. बस मांगं, चक्कर मारून आणतो.”

तो मागे बसला. दार दोनदा ओढून पाहिलं.

“तुरीकडून नको नेऊ, माय,” एवढंच म्हणाला.