आठ दिवसांचं शून्य

टोपली रिकामी झाल्याशिवाय साहेब तिचं वजन लिहीत नसत. भरलेली टोपली काट्याला लावायची, मासळी ओतू द्यायची, मग ओली टोपली पुन्हा टांगायची आणि तेवढं वजा करायचं. कोळणींना विक्रीची घाई असायची. "साहेब, टोपलीचा कसला हिशोब? टोपली काय कुनी खातंय?" एखादी म्हणायची. साहेब हसायचे. "म्हणून तर वजा करतो, बाय."

मी सोलापूरकडचा. सातवी अर्धवट सोडलेली, आणि समुद्र पाहिला तो मुरुडलाच. साहेबांना मासळीच्या सरकारी मोजणीला मदतनीस हवा होता, तो सातवी पास हवा होता. साहेबांनी माझ्याकडून एक पान बेरजा करून घेतल्या आणि म्हणाले, "बेरीज बरोबर येते. बाकीचं समुद्र शिकवील." नोकरी तात्पुरती. टपालवाला दिसला की आपल्याला काढल्याचंच पत्र असणार, असं मला वाटायचं.

ही मोजणी कशाला, ते त्यांनी मला वाळूच्या पुळणीवर बसून सांगितलं होतं. इथलं वजन मुंबईला जातं, तिथून दिल्लीला. तिथे भात, कापूस, मीठ, मासळी सगळ्याची भावाने किंमत करतात, बेरीज करतात आणि माणसांच्या संख्येने भागतात. मग तो आकडा इंग्लंड-जपानच्या आकड्याशेजारी मांडतात. "पण त्यात गोम आहे," ते म्हणाले. "हाच पापलेट तिकडे कितीतरी महाग. पोट तेवढंच भरतं, किंमत मात्र त्यांच्याकडे जास्त दिसते. नुसत्या किमती शेजारी ठेवल्या, तर आपण आहोत त्याहून गरीब ठरू. म्हणून आधी वजन खरं पाहिजे."

घरी खाल्लेली मासळीही ते सोडत नसत. दारात उभे राहून "काल कालवण कशाचं होतं?" विचारायचे. बाया तोंडाला पदर लावायच्या. "साहेबाला घरी कुनी जेवू घालीत न्हाय वाटतं." साहेब शांतपणे लिहायचे, "मांदेली, दीड शेर."

मग साहेबांना हिवताप आला आणि आगरदांड्याजवळच्या एका वस्तीवर आठ दिवस मी एकटा गेलो. होडी लागली की मी पाण्यात उतरून होडी हाकणाऱ्या तांडेलाला विचारायचो, "काय गावलं?" तो म्हणायचा, "काय न्हाय रं, पोरा." दुसरा म्हणायचा, "न्हाय." मी होडीत न डोकावताच माघारी फिरायचो आणि शून्य लिहायचो. मला त्यांची कीवसुद्धा यायची. आठव्या दिवशी तर डबडबलेल्या डोळ्यांनी लिहिलं. साहेबांनी अंथरुणातूनच सही केली आणि तक्ता मुंबईला गेला.

तुम्ही त्या किनाऱ्यावरचे असाल तर आत्ताच हसला असाल. होडी रिकामी होईपर्यंत तिथे कुणी 'गावलं' म्हणत नाही. तोंडाने कबूल केलं की दर्या हात आखडतो, असं मानतात. मी पाठ फिरवल्यावर टोपल्या उतरत होत्या.

मुंबईचं पत्र आलं : ऐन हंगामात आठ दिवस एकही मासा नाही, खुलासा करा. साहेब काठी टेकत माझ्याबरोबर त्या वस्तीवर आले. एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "ह्यो पोर इचारतो आन् पलतो. थांबला असता तर दिसलं असतं की."

 परतताना मी म्हणालो, "साहेब, शेजारच्या वस्तीवरून अंदाज भरू या."

"तो अंदाज दिल्लीला पोचेपर्यंत खरा होईल," ते म्हणाले. "शून्य म्हणजे मासा नव्हता. आपण म्हणायचं, आपण पाहिलं नाही." त्यांनी खुलासा लिहिला : पाहणी झाली नाही, न तपासता सही केली, चूक माझी. माझं नाव कुठेच नव्हतं. मी ते वाचलं आणि गप्प राहिलो. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या वाटेला लागलो असतो.

महिन्याभरात त्यांची बदली माणगावला झाली. बसून बेरजा तपासायचं काम. एकदा तक्ते घेऊन गेलो, तर त्यांनी मला भाताच्या कागदांच्या ढिगाआड बसवून घेतलं आणि विचारलं, "सध्या काय येतंय?" मी एकेक मासा सांगत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "साहेब, माझं नाव का नाही घातलंत?"

"तुला काढलं असतं. नवा पोरगा आला असता, आणि त्यानेही शून्यच लिहिलं असतं. तुला आता ठाऊक झालंय."

मला कायम केलं, त्या आठवड्यात मी एक अर्ज लिहिला. त्या आठ दिवसांची चूक माझी होती, साहेबांची नव्हती. आधी त्यांना दाखवावा म्हणून माणगावची एसटी धरली. त्यांच्या खुर्चीवर दुसरेच गृहस्थ होते. साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. कुठल्या, ते नीट कुणाला सांगता येईना.

गृहस्थांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं. "आता कशाला हे? उगाच तुमच्यावर यायचं."

"त्यांच्या कागदांत लावा," मी म्हणालो.

त्यांनी कपाटातून साहेबांची फाईल काढली. खुलाशाचा कागद वर घेतला, माझा अर्ज त्याच्या पाठीला लावला आणि दोन्हींतून दोरा ओवला.