मार्जरीबाईंचा दगड

शनिवार, सकाळी साडेनऊ. न्यू जर्सीत पिस्कॅटवेजवळच्या एका जुन्या चर्चचं कबरस्तान. फाटकाशी बुटांचे सात जोड ओळीनं लावलेले आणि आत चिटपाखरू नाही. नव्यानं आलेल्या पाद्रीबुवांनी हे पाहिलं आणि सरळ पोलिसांना फोन केला.

आम्ही सातही जण आतच होतो. गुडघ्यांवर बसून कबरींचे जुने कोरीव दगड ब्रशनं घासत होतो. दगड कमरेएवढे, त्यामुळे फाटकातून कुणी दिसलं नसणार. पोलिसानं विचारलं, बूट का काढले? पाच अमेरिकन बायकांनी छातीठोकपणे सांगितलं की दगड साफ करायची ही भारतीय पद्धत आहे.

मूळ गोष्ट एवढीच. दर शनिवारी हौसेनं हे दगड धुणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या शैलाताई, मुलाकडे राहायला आलेल्या, मूळच्या सांगलीच्या. त्यांनी पहिल्या दिवशी एका दगडावर कोरलेला पंखवाला चेहरा पाहिला. "हे तर आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख," म्हणाल्या आणि चपला काढून आल्या. बाकीच्या बायकांनी काही न विचारता त्यांची नक्कल केली. मीही केली, खोटं कशाला बोलू.

मी पस्तीस वर्षं नागपूरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. पोलिसाचा रिपोर्ट मी हक्कानं वाचायला मागितला. त्यात होतं : "माणसं सापडली. कारण समजलं नाही."

असे किस्से त्या आवारात साचत जातात. मुलगी म्हणते, बाबा, रिटायर झालात, एन्जॉय करा. पण कोण, काय, कधी, कुठे, का, यातल्या निदान तिघांची उत्तरं मिळाल्याशिवाय मला जेवण जात नाही. इथे एकाचं मिळेल तर शपथ.

*

या कामाच्या म्होरक्या मार्जरीबाई. वय ब्याऐंशी, पाठ ताठ. भिंतीलगतचा एक तपकिरी दगड चाळीस वर्षं त्या स्वतःच्या हातानं धूत आल्यात. वरचा चेहरा शाबूत, पण खालचं नाव पावसापाण्यानं पार झिजलेलं. ही कबर आपल्या घराण्यातल्या हॅनाची, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं. हॅनाच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलीय.

या उन्हाळ्यात चर्चच्या कमिटीनं नोटीस लावली. ज्या दगडांवरचं नाव वाचता येत नाही, ते काढून शेडमध्ये ठेवणार. कारण काय, तर गवत कापायचं मशीन अडतं!

"हॅना शेडमध्ये आणि मी इथे?" मार्जरीबाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी तडक कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. हा नियम कुणी केला? कमिटीनं. कधी? पूर्वी. तेव्हा कमिटीत कोण होतं? त्यानं जुनं रजिस्टर काढलं. बेसमेंटमध्ये पाणी शिरून सगळी शाई पसरली होती, एक नाव धड लागेना.

"मग हे रजिस्टरही शेडमध्ये ठेवा," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं.

*

पुढच्या शनिवारी मार्जरीबाई किंचाळल्या. शैलाताईंनी हॅनाच्या दगडाला खोबरेल चोळलं होतं.

"किती कोरडा पडला होता हो भाऊ, कुणी तेल लावलेलं नाही बिचाऱ्याला," शैलाताई मला म्हणाल्या. मागच्या बाजूलाही लावणार होत्या, पण दगड आणि भिंत यांच्यात त्यांचा हात जाईना.

तेलानं दगड खराब होतो, डाग कायमचा राहतो, पाणी आणि मऊ ब्रश एवढंच चालतं, हे मार्जरीबाईंनी समजावलं. मी भाषांतर केलं. शैलाताईंचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात त्या तेलाच्या चकाकीत एक उभी रेघ दिसली. मार्जरीबाई दगडाशी वाकल्या. "एच," त्या पुटपुटल्या आणि शैलाताईंचा तेलकट हात घट्ट धरला.

सेक्रेटरी म्हणाला, एक अक्षर म्हणजे नाव नव्हे.

*

मग मी मुलीच्या बाथरूममधला आरसा काढून आणला. तिरपं ऊन पाडलं की झिजलेली अक्षरं वर येतात, असं ऐकलं होतं. तिघांनी आपापल्या कागदावर लिहायचं ठरलं, एकमेकांचं बघायचं नाही.

मार्जरीबाईंनी लिहिलं, हॅना. मी लिहिलं, सॅम्युएल. शैलाताईंनी लिहिलं, पाणी प्यायला द्या, ऊन फार आहे.

सेक्रेटरीनं तिन्ही कागद फाइलला लावले आणि दगड सोमवारी उचलायच्या यादीत टाकला.

*

त्या सोमवारच्या आधीचा शनिवार. पुन्हा साडेनऊ. मार्जरीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. अचानक थांबल्या.

दगड जागच्या जागी होता, पण फिरलेला. इतकी वर्षं भिंतीकडे असलेली त्याची पाठ आता आमच्याकडे होती. पाठीवरही कोरीव काम असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तोच पंखवाला चेहरा, कालच कोरल्यासारखा. त्याखाली नाव, अक्षर न् अक्षर स्वच्छ. जोनाथन. धंदा शिंप्याचा.

सेक्रेटरी आला. नाव दोनदा मोठ्यानं वाचलं आणि यादीतून दगड खोडला. नियम म्हणजे नियम.

हॅनाचं कुठेच काही नव्हतं. शैलाताईंनी माझ्यामार्फत हळूच विचारलं, बाई, आता तुमची जागा बदलणार का?

मार्जरीबाई त्या चेहऱ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. मग बादली खाली ठेवली. "चाळीस वर्षं अंघोळ घातलीय मी याला," त्या म्हणाल्या, "आता कसला परका?" आणि ब्रश उचलला.

मी मात्र गप्प बसलो नाही. पाद्रीबुवांना विचारलं, सेक्रेटरीला विचारलं, गवत कापणाऱ्या कंपनीला फोन केला. तोच पोलीसही गाठला. कुणीही हात लावलेला नाही. तो दगड हलवायला चार माणसं लागतात. बुडाशी माती उकरलेली नाही, गवताची काडी दबलेली नाही.

शैलाताईंच्या खोबरेलाचा डाग तेवढा आता भिंतीकडे आहे.