मिक्सर जळाला

माझा उजवा खांदा दुखायला लागला तेव्हा ह्यांनी दिवाळीच्या बोनसमधून मिक्सर आणला. आम्ही मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये रंगीत टीव्ही दोन होते, मिक्सर एकही नव्हता. हे खोका घेऊन जिना चढले आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आले, "मिक्सर आणलाय. काही वाटायचं असलं तर खुशाल या."

मला चार माणसांत बोलायला जमत नाही. कुणी समोर उभं राहिलं की तोंडातून "हो" एवढंच येतं.

मला पाट्यावर वाटायची सवय. मिक्सरमध्ये खोबरं कडेला चिकटून बसायचं, पाणी घातलं की वाटण पातळ व्हायचं, आणि नंतर पात्यांखाली बोट घालून भांडं धुवायचं ते वेगळंच. खांदा शेकून शेकून बरा झाला आणि महिन्याभरात मी परत पाट्याकडे वळले.

मिक्सर मात्र रिकामा राहिला नाही. आधी समोरच्या वहिनी इडलीचे भिजवलेले तांदूळ घेऊन आल्या. त्यांनी सांगितलं म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या आल्या. बघता बघता रोज दुपारी दाराशी पातेली यायला लागली. डाळ, चटणी, एकदा तर कुणाच्या बाळाची नाचणी. वाटून झालं की बसायचं, चहा व्हायचा. त्या बोलायच्या, मी मान हलवायचे.

खरं तर दुपारचे दोन ते चार माझे होते. मुलं शाळेत, हे कारखान्यात. भांडी आवरली की मी दार लावून लादीवर आडवी व्हायचे आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते. त्या दोन तासांत कुणाला "हो" म्हणावं लागत नसे. मिक्सर आला आणि ते तास गेले. आता हे सांगणार कुणाला? नवऱ्याने हौसेने आणलेली वस्तू. रोज संध्याकाळी विचारायचे, "काय, चालतोय ना मिक्सर?" मी म्हणायचे, "चालतोय."

उन्हाळा लागला, मसाल्याचे दिवस आले. एका दुपारी तळमजल्यावरच्या मालवणी काकू पिशवी घेऊन आल्या.

"गो बाय, वाईच हळद करून घेतंय. गिरणीत मेली रांग केवढी! हय दोनच मिनटां लागतली."

पिशवीत अख्खी हळकुंडं होती. बोटाएवढी जाड, दगडासारखी टणक.

"काकू, हळकुंडं..." मी एवढंच म्हटलं.

"तर काय! घरचीच आसत," म्हणत त्यांनी भांडं गच्च भरलं आणि बटण थेट तीनवर फिरवलं.

मिक्सर किंचाळला, थरथरत ओट्यावरून सरकला आणि गप्प झाला. खालून धूर आला. जळक्या वायरीचा वास घरभर पसरला.

काकू रडायलाच लागल्या. "मेल्या हाताक काय झालां माझ्या! आता तुझो घोव काय म्हणतलो?"

"जाऊ द्या हो काकू," मी त्यांना पाणी देत म्हटलं. "वस्तू आहे, बिघडायचीच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या डोळे पुसत जिना उतरल्या तेव्हा मी तोंडाला पदर लावून दारात उभी होते. त्यांना वाटलं, मीपण रडतेय.

संध्याकाळी ह्यांनी मिक्सर उलटा करून पाहिला. "मोटार गेली. मरोळला माझ्या ओळखीचा एक जण मोटारी दुरुस्त करतो. उद्याच नेतो. दोन दिवसांत चालू करून देईल."

दोन दिवस. मी पोळी तव्यावर टाकली होती, ती उलटायचं विसरले. आत्ता बोलले नाही तर परवापासून पुन्हा पातेली.

"नका नेऊ," मी म्हटलं.

"का गं?"

"नकोच."

"अगं, तुझ्या खांद्यासाठीच ना आणला?"

"खांदा केव्हाच बरा झालाय. मी पाट्यावरच वाटते. तुम्ही सगळ्यांना बोलावून ठेवलंत. रोज सगळी दुपार घरात माणसं असतात. मला नाही जमत. दमते मी."

एका दमात बोलले. पोळी काळी झाली.

हे मिक्सर सरळ करून ठेवत म्हणाले, "आणि मी रोज विचारायचो तेव्हा चालतोय म्हणायचीस!"

"चालतच होता की."

ह्यांना हसू आलं. मिक्सर गोणपाटात गुंडाळून, स्टुलावर चढून त्यांनी तो माळ्यावर पार मागे ढकलला. "माझंच चुकलं," म्हणाले. "अख्ख्या जिन्याला आमंत्रण देत आलो."

चार-पाच दिवसांनी दुपारी कडी वाजली. समोरच्या वहिनी, हातात भिजवलेल्या तांदळाचं पातेलं.

"आला का गं मिक्सर दुरुस्त होऊन?"

"नाही करणार दुरुस्त."

"अगं बाई! का?"

कुणी का म्हणून विचारेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसती हसले. वहिनी "बरं बाई" म्हणाल्या आणि पातेलं घेऊन आपल्या घरात गेल्या. मी दार लावून कडी घातली. थोड्या वेळाने त्यांच्याकडून रगड्याची घरघर ऐकू यायला लागली. मी हात उशाला घेतला आणि ती ऐकता ऐकताच मला झोप लागली.