बाइंडरकाकूंच्या घरी साधी राहणी आली

बाइंडरकाकूंच्या घरी साधी राहणी आली ती एका मंगळवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला. काकू तेव्हा घरी नव्हत्या. गल्लीच्या टोकाला त्यांची एक खोली होती. तिथे त्या शाळांचे हजेरीपट, दुकानांच्या वह्या आणि लोकांची फाटकी पुस्तकं बांधून देत. तीस वर्षं त्या हे काम करत होत्या आणि त्याला काम असंच म्हणत. दुसरं काही म्हणायला त्यांना कधी फुरसत मिळाली नव्हती.

त्यांचे यजमान वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. गल्लीनं त्यांचं नाव वजनकाटे ठेवलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्या नावानं हाक मारली की ओ देत. निवृत्त होऊन त्यांना दोन महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यांनी घरातली सगळी घड्याळं जुळवली, गळके नळ दुरुस्त केले आणि काकू चहात साखर जास्त घालतात हे मोजून सिद्ध केलं. मग मोजण्यासारखं काही उरलं नाही. अशा वेळी माणूस व्याख्यानाला जातो. वाचनालयाच्या सभागृहात एक व्याख्यान होतं, तिथे तेही गेले.

माणसाचे हात आणि माणसाचं मन यांची ताटातूट झाली आहे, असं व्याख्यात्यानं सांगितलं. यंत्रं घराबाहेर काढा, हातानं करा, थोडक्यात राहा. वजनकाट्यांनी हे लिहून घेतलं. सभागृहात आणखी पन्नास-साठ लोकांनी लिहून घेतलं असेल. पण आलेल्या लेखी सूचनेची अंमलबजावणी केल्याशिवाय वजनकाट्यांनी उभ्या नोकरीत एकही फाइल बंद केली नव्हती.

संध्याकाळी काकू घरी परतल्या, तेव्हा शेजारीण जिन्यातच उभी होती.

"काकू, चोरी झाली का हो तुमच्याकडे? सामान उतरवताना पाहिलं. पण तुमचे हेच सांगत होते, जपून न्या, जपून न्या."

घरात शिरल्यावर काकूंना स्वतःच्याच चपलांचा आवाज मोठा वाटला. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक टेबल उरलं होतं. वजनकाटे एका खुर्चीवर ताठ बसले होते.

"वॉशिंग मशिन कुठंय?" काकूंनी विचारलं.

"धाकट्याकडे पाठवलं."

"आणि मिक्सर?"

"तोही."

"जाऊबाईंकडे आधीच एक मिक्सर आहे."

"तो त्यांचा प्रश्न आहे. आपला सुटला."

काकू दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. दिवसभर टाके घालून त्यांची बोटं आखडली होती, ती त्या एकेक करून सोडवत होत्या.

"अहो, मशिन गेलं. कपडे गेले नाहीत."

"कपडे हातानं धुवायचे. मुद्दाच तो आहे."

"कुणाच्या हातानं?"

वजनकाट्यांनी टिपणवही उघडली. तिथे 'हात' एवढंच लिहिलेलं होतं. कुणाचे, ते व्याख्याता बोलला नव्हता.

"माझे हात सकाळी नऊपासून कामात असतात," काकू म्हणाल्या, "आणि मनही तिथेच असतं. आमची ताटातूट झालेली नाही. तेव्हा असं करू. तुम्ही जे जे घराबाहेर काढाल, त्याचं काम तुमच्याकडे."

हे त्या भांडून म्हणाल्या नाहीत. ऑफिसात नियम वाचून दाखवावा तसं म्हणाल्या. वजनकाट्यांना नियम आवडत असत. "मान्य," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी सहाला बादली घेऊन बसू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांची पाठ धरली. दुसऱ्यात बोटांची सालपटं निघाली. तिसऱ्यात एका निळ्या चादरीनं घरातल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांना आपलंसं केलं. काकूंनी ते निळसर कपडे महिनाभर मुकाट्यानं वापरले. मसाला खलबत्त्यात कुटायचा, तो पहिल्या दिवशी खलबत्त्यात कमी आणि भिंतीवर जास्त होता. भिंत पुसायचं कामही नियमात बसत होतं.

परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. "आई, काकी काहीतरी सांगत होती. बाबांना काय झालंय?"

"काही नाही. कपडे धुतात."

मग लेक हळूच म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलंस का?"

पण वजनकाटे मागे हटले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. काकूंना वाटलं होतं, फार तर पंधरा दिवस. तीन महिन्यांनी चादरी पांढऱ्या निघू लागल्या. काकूंनी एक उजेडात धरून पाहिली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. त्या दिवशी वजनकाट्यांच्या चहात त्यांनी साखर मोजून घातली.

यानं धीर येऊन वजनकाटे म्हणाले, "धुणं हे झालं कष्टाचं काम. मला एखादी हस्तकला शिकायचीय. तुझीच शिकव."

"उद्या नऊला या. सव्वानऊला दार लावते."

खोलीत काकूंनी त्यांना कागदांचा गठ्ठा आणि घडी दाबायची लाकडी पट्टी दिली. कागद मधोमध दुमडायचा, कडेला कड जुळवायची, पट्टीनं दाबायचं. वजनकाट्यांनी विचारलं, "टाके कधी?" काकू म्हणाल्या, "घडी आली की." घडी यायला सहा आठवडे लागले. या काळात वजनकाटे बरंच बोलले. हाताच्या कामात काळ कसा थांबतो, कारागिराचा अहंकार कसा गळून पडतो, असं ते सांगत. काकू ऐकून घेत आणि म्हणत, "डावी कड सरकलीय."

मग त्यांनी पहिली वही बांधली. साध्या राहणीवरचे विचार तिच्यात लिहायचे, असा बेत होता. वही दिसायला नेटकी होती, पण टाके इतके आवळले होते, की ती अर्ध्याच्या पुढे उघडेना. दुसरी वही उघडली, ती मिटेना. विचार तसेच राहिले.

दरम्यान वाचनालयाच्या मंडळींच्या कानावर ही हकीगत गेली. व्याख्यान ऐकून त्याप्रमाणे वागणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. 'साधी राहणी: एक जीवनदृष्टी' या विषयावर बोलायला त्यांनी वजनकाट्यांना बोलावलं. काकू शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

वजनकाटे चांगलं बोलले. पहिली वीस मिनिटं लोक श्रद्धेनं पेंगले. मग प्रश्न मागवले, तेव्हा मधल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. "घरातलं मशिन काढलंत म्हणता. मग कपडे कोण धुतं?"

"मी," वजनकाटे म्हणाले.

सभागृहातल्या सगळ्या बायका एकदम ताठ बसल्या.

"सगळ्यांचे?"

"घरात दोघंच आहोत. पण हो, दोघांचेही. चादरीसकट."

"कॉलरचा मळ कसा काढता?"

कॉलरच्या मळावर वजनकाट्यांचा अभ्यास होता. आधी कोरड्यावरच साबण चोळायचा, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग ब्रश नाही वापरायचा, कापडावर कापड घासायचं, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. यानंतर पाऊण तास प्रश्न आले. शाईचे डाग, तेलाचे डाग, लोकरी कपडे, पडदे. जीवनदृष्टीबद्दल कुणी काही विचारलं नाही. बायका लिहून घेत होत्या आणि पुरुष दाराकडे बघत होते. संपल्यावर एक गृहस्थ वजनकाट्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तुमचं तत्त्वज्ञान उत्तम आहे. पण जाहीर सांगण्यासारखं नाही."

परतताना वजनकाटे थोडे हिरमुसले होते. "मुख्य विषय बाजूलाच राहिला," ते म्हणाले.

"मला तर तोच मुख्य विषय वाटला," काकू म्हणाल्या.

त्याच महिन्यात काकूंचा उजवा अंगठा गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण सुई धरेना. डॉक्टरांनी तो पाहिला, दाबला, काकूंच्या तोंडून आवाज निघेपर्यंत वाकवला आणि पट्टा बांधला. सहा आठवडे हाताला काम नाही, म्हणाले. शाळेचे दोनशे हजेरीपट बांधायचे होते आणि शाळा उघडायला पाच आठवडे होते. तीस वर्षांत त्यांनी एकाही शाळेला थांबवलेलं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "नाही म्हणून कळवा शाळेला."

वजनकाट्यांनी चपला काढल्या नव्हत्या. "आधी एक बांधून बघतो. तू समोर बस."

काकू समोर बसल्या. वजनकाट्यांनी कागद दुमडले, कड जुळवली, भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं. काकू म्हणाल्या, "ओढा. अजून. बास! तिथे थांबा. आता जे बोटाला लागतंय ना, तेवढंच. ते लक्षात ठेवा." वजनकाट्यांनी डोळे मिटून ते बोटाला लागू दिलं.

पहिल्या चार दिवसांत त्यांनी नऊ पट बांधले आणि त्यातले सहा काकूंनी उसवायला लावले. वजनकाट्यांनी उसवले. मग पटाच्या पाठीला खळ लावायची, पुठ्ठा बसवायचा, रात्रभर दाबाखाली ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यात उसवायचे पट कमी झाले. तिसऱ्यात काकूंच्या लक्षात आलं, की खोलीत फार शांत वाटतंय. वजनकाट्यांनी कित्येक दिवसांत हात, मन, काळ, अहंकार यातल्या कशाचंही नाव काढलं नव्हतं. ते दोऱ्याकडे बघत होते. काकूंना उगीचच भरून आलं. त्यांनी चांगल्या हातानं खळीचं भांडं त्यांच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "मान दुखत असेल, जरा उठा."

"हा संपू दे."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघं दोनशेही हजेरीपट रिक्षात घालून घेऊन गेले. कारकुनानं वरचा एक उचलला, मधोमध उघडून टेबलावर ठेवला. पट सपाट पडून राहिला. कारकुनानं चष्मा लावून आतले रकाने पाहिले, तारखांची छपाई पाहिली, पट मिटला आणि सगळे कपाटात टाकले. वजनकाटे उभेच होते.

"इथे सही करा," कारकून म्हणाला. "झालं. या."

फाटकाबाहेर आल्यावर वजनकाट्यांना राहवेना. "काही बोलला नाही गं तो."

"मला तीस वर्षांत कुणी काही बोललेलं नाही," काकू म्हणाल्या. "वही नीट उघडली, की लोक आत बघतात."

वजनकाट्यांनी विचारलं, "तुला वाईट नाही वाटत?"

"सुरुवातीला वाटायचं. मग दुसरं काम यायचं." काकूंनी पट्ट्यातल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो जरासा हलवला. "उद्या त्या औषधवाल्याच्या वह्या घ्यायच्यात. जाड कागद आहे. घडी पुन्हा शिकावी लागेल तुम्हाला."

"नऊला?"

"साडेआठला," काकू म्हणाल्या.