मोडकी आहे, माझी आहे

डेपोत तिला सगळे कोकिळाबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. बसस्थानकाच्या कर्ण्यातून तिचा आवाज यायचा, आणि तो इतका लाघवी असायचा की गाडी उशिरा सुटणार हे ऐकूनही लोक 'असू दे बापडी' म्हणत पुन्हा बाकावर टेकायचे. ड्रायव्हर मंडळी तर म्हणायची, बाईंनी "गाडीचे ब्रेक निकामी झाले आहेत" अशी घोषणा केली तरी प्रवासी हसत हसत आत चढतील.

मग गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. शुद्धीवर आल्यावर तिने "पाणी" मागितलं, तर शेजारच्या खाटेवरची बाई दचकून म्हणाली, "कोण पलंग सरकवतंय?"

"हळूहळू सुधारेल," डॉक्टर म्हणाले. सुधारला तो एवढाच, की पलंग सरकवल्यासारखा होता तो खडीवरून लोखंडी ट्रंक ओढल्यासारखा झाला.

डेपोचा साहेब मनाने वाईट नव्हता. त्याने तिला हरवलं-सापडलंच्या खिडकीवर बसवलं आणि घोषणांसाठी तिच्याच जुन्या आवाजाची ध्वनिफीत लावली. कुणीतरी तिची वाक्यं कापून, जोडून, नीट बसवून दिली होती. म्हणजे खाली कोकिळाबाई छत्र्या, एकुलते एक हातमोजे आणि विसरलेले डबे यांच्या गराड्यात बसलेली, आणि वर तिचाच गोड आवाज दिवसभर बोलतोय. भुतं माणसाला झपाटतात हे ऐकलं होतं. इथे माणूस जिवंत आणि भूत नोकरीवर!

एकदा एक आजोबा विसरलेली टोपी न्यायला आले. तिने घशातल्या घशात चार प्रश्न विचारले. आजोबांनी कानाला हात लावला, मग वरच्या कर्ण्याकडे बोट दाखवून मायेने म्हणाले, "पोरी, ती बाई बघ किती छान बोलते. तिच्याकडून शिक जरा."

तिने टोपी दिली, हसली, आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. खिडकीवर खुणांनी भागायचं. घरी तर खुणांचीही गरज नव्हती, कारण तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारीक स्क्रू फिरवत गप्प बसायचा आणि ते साचलेलं सगळं जेवताना ओतायचा. पूर्वी ती त्याला मध्येच थांबवायची. आता थांबवणारं कुणी नव्हतं, तर त्यालाच चैन पडेना. "अगं, निदान 'पुरे' तरी म्हण!" तो कळवळून म्हणायचा. ती मान हलवायची, आणि ती मान 'हो'ची की 'नाही'ची, हे त्याला कळायचं नाही.

तिच्या बहिणीची मुलगी जवळच राहायची. एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर कामाला होती. दिवसभर लोकांच्या शर्टांच्या कॉलरी सरळ करायची आणि स्वतः कोपरावर भोक पडलेला, कुणीतरी कधी न्यायलाच न आलेला ढगळा स्वेटर घालून हिंडायची. रविवारी लाँड्री बंद असली की तिच्या तळघरात भाचीचा बँड जमायचा. भाची गिटार वाजवायची, ड्रमवर एक नळ दुरुस्त करणारा प्लंबर, आणि जाड तारांच्या बेस गिटारवर शाळेतले भूगोलाचे मास्तर. लाँड्रीच्या मालकाचे कान यंत्रांच्या घरघरीने कधीच गेले होते, त्यामुळे त्याची ना नव्हती. त्यांचा गायक मात्र लग्नांत गोड गाणी म्हणणाऱ्या वाद्यवृंदात पळाला होता, आणि जाताना मायक्रोफोनचा स्टँडही घेऊन गेला होता.

एका रविवारी भाची चष्मा दुरुस्तीला टाकून तशीच तालमीला गेली. नवऱ्याने काडी बसवली आणि चष्मा कोकिळाबाईच्या हातात ठेवला. "जा, देऊन ये. ती पोरगी गिटारच्या तारांऐवजी विजेची तार धरायची."

तळघराच्या जिन्यावर साबणाचा आणि ओल्या भिंतींचा वास होता. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या लावलेल्या, छताखालून वाफेचे नळ गेलेले, आणि मधोमध ते तिघं असा काही कल्लोळ करत होते की पायऱ्यांचा लाकडी कठडा हाताखाली थरथरत होता. गिटारचा आवाज मुद्दाम फाडल्यासारखा, जाड, खरखरीत. भाची डोळे मिटून मान झटकत होती. प्लंबर तर नळ तुंबल्याचा सगळा राग ड्रमवर काढत होता.

कोकिळाबाईने चष्मा हलवून दाखवला. कुणी पाहिलं नाही. तिने कठड्यावर हात आपटला. कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी तिने पोटात हवा भरली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच जिवाच्या आकांताने ओरडली.

आता त्या गाण्याची रचनाच अशी होती की पूर्ण जोरात वाजताना ते एकदम थांबायचं आणि मग हळू सुरू व्हायचं. तिने तोंड उघडलं आणि नेमके तिघंही थांबले. त्या शांततेत तळघरभर एकटाच घुमला तो तिचा आवाज:

"चष्माऽऽऽ!"

गादीमागची धूळ खाली पडली. प्लंबरची काठी हातातून निसटली. मास्तरांनी आधी आपला स्वतःचा चष्मा चाचपला.

"हे काय होतं?" प्लंबर म्हणाला.

"माझी मावशी," भाची म्हणाली आणि डोळे बारीक करून जिन्याकडे बघत राहिली. "मावशी, परत ओरड ना."

मावशीने चष्मा पायरीवर ठेवला आणि आल्या पावली परत फिरली. घरी आल्यावर घसा दुखेल म्हणून ती वाट बघत बसली. घसा दुखला नाही. उलट छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, घट्ट बसलेलं झाकण निघावं तसं. हे मात्र तिने नवऱ्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी भाची दारात हजर. "मावशी, आमच्यात गायला ये."

"लाज काढशील माझी," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली. बऱ्याच दिवसांत तिने उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य, म्हणून नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला.

"अगं, हे ग्रंज संगीत आहे! यात गाणं धुऊन, इस्त्री करून आणायचं नसतं. जसं अंगावर आहे तसंच यायचं. चुरगळलेलं, डाग पडलेलं."

"दिवसभर इस्त्रीच करतेस ना तू?"

"म्हणून तर! आणि हे बघ, गिटारचा आवाज असा फाटका यावा म्हणून आम्ही मुद्दाम एक यंत्र विकत आणलं. तुला तर तो घशातच मिळालाय. फुकट."

"फुकट?" मावशीने गळ्यावरचा व्रण दाखवला. नवरा खो खो हसला, मग आपण हसायला नको होतं असं वाटून तिच्याकडे बघू लागला, तर तीही हसत होती.

तरी ती सरळ तळघरात गेली नाही. आधी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, "कुजबुजत बोलून तुम्ही त्याला उलट जास्त त्रास देताय. आवाज पोटातून काढा, पाणी प्या, दुखलं की थांबा. पण ओरडणार कुठे तुम्ही?" तिने सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि विचारलं, "प्रवेश सगळ्यांना असतो का?"

आता गायचं काय, हा प्रश्न होता. जुन्या गायकाची गाणी चंद्र आणि विरह यांच्यावर होती. तिच्या आवाजात चंद्र म्हटला की तो खाली पडेल असं वाटायचं. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही रोज जे ऐकता ते म्हणा."

ती रोज काय ऐकायची? माणसं खिडकीशी यायची आणि हरवलेल्या वस्तूचं वर्णन करायची. कुणाची छत्री असायची, दांडा तुटलेला, दोन काड्या बाहेर. ती ठरल्याप्रमाणे कपाटातल्या एखाद्या धड छत्रीकडे बोट दाखवून विचारायची, ही का? आणि माणूस जवळजवळ रागावून म्हणायचा, छे हो, ती नाही, ती मोडकी, ती माझी. एका बाईने तर चेन तुटलेली पर्स छातीशी धरून पटापटा मुके घेतले होते.

तेच तिने म्हटलं. सुरुवात अगदी हळू, घोषणा करावी तशी, 'काळी छत्री, दांडा नाही, काड्या दोन बाहेर'. खाली बेसची नुसती धडधड. मग गिटार कडाडली आणि तिने पोटातून आवाज काढला:

"मोडकी आहे, माझी आहे! द्या इकडे!"

पहिल्यांदा म्हणताना ती एवढी रडली की मास्तरांनी वाजवणं थांबवलं. तिने हातानेच खूण केली, वाजवा. तिला दुःख झालं नव्हतं. तिला राग आला होता. आजोबांचा नाही, साहेबाचाही नाही, कुणाचाच नाही, नुसता राग, जो इतके दिवस शहाण्या मुलीसारखा कोपऱ्यात हात बांधून बसला होता.

पहिला कार्यक्रम तिथेच झाला, रविवारी दुपारी, उन्हाची तिरीप जिन्यावरून खाली येत असताना. जाहिरात नाही, तिकीट नाही. याने त्याला सांगितलं, त्याने तिला. लाँड्रीच्या टोपल्या पालथ्या घालून लोक बसले. नवरा पहिल्या रांगेत, कानात कापसाचे बोळे घालून. डॉक्टर मागे भिंतीशी, ओळख लपवायला टोपी घालून, जी लपली नाही. गाणं ऐन भरात आलं आणि हादऱ्याने डोक्यावरचा वाफेचा नळ सांध्यातून सुटला. सोमवारच्या कपड्यांसाठी बॉयलर तापत ठेवलेला, फस्स करून वाफ! प्लंबर एका हाताने ड्रम वाजवत उठला, टोपलीवर चढला, दुसऱ्या हाताने झडप फिरवली. तेवढा वेळ ठोका चुकला. लोकांनी पाय आपटून तो भरून काढला आणि सगळं तळघर ओरडू लागलं, "द्या इकडे! द्या इकडे!" नळ गळायचा थांबला तरी ओरडणं थांबेना.

त्या गर्दीत एक रेकॉर्डिंगवाला होता. शहरातल्या चांगल्या भागात त्याचा स्टुडिओ होता, गालिचा आणि काचेचा. त्याने बँडला बोलावून गाणं रेकॉर्ड केलं आणि काही दिवसांनी ऐकायला बोलावलं. "थोडा हात फिरवलाय," तो अभिमानाने म्हणाला.

गाणं सुरू झालं आणि कोकिळाबाई खुर्चीतून पुढे सरकली. यंत्राने खरखर घासून काढली होती. काचेआडून तिचाच जुना आवाज येत होता, मऊ, लाघवी, एकही चरा नसलेला. डेपोतल्या कर्ण्यात कापून जोडलेली वाक्यं होती. हा मात्र सलग, जिवंत, आत्ताचा. किती रात्री तिने उशीत तोंड खुपसून हाच तर मागितला होता.

"परत लावा," ती म्हणाली. त्याने लावलं. "परत." त्याने पुन्हा लावलं.

भाचीने तिचा दंड धरला. भाचीला हे गाणं बाहेर यायला हवं होतं, तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. तरी ती म्हणाली, "मावशी, तू म्हणशील तसं. माझ्याकडे बघू नकोस."

मावशीने डोळे पुसले. "छान आहे हो," ती रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाली. "ही बाई मला फार आवडायची. पण ती कधी कुणावर ओरडली नाही. हिला काय माहीत हे गाणं? हिने छत्रीसुद्धा नम्रपणे मागितली असती."

"अहो बाई, हे शहरभर वाजेल! खरखर कोण ऐकणार?"

"आम्ही ऐकतो," प्लंबर म्हणाला. मास्तरांनी मान हलवली. भाचीने एक लांब श्वास सोडला, आणि गिटार पाठीला लावली.

रेकॉर्डिंगवाला चिडला. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि हे तोंड धुवायला निघाले, असं काहीबाही बोलला. मग शेवटी, चहा पाजून, तिच्या विनंतीवरून तो साफ आवाज त्याने तिला घरी ऐकायला दिलाही. तिने तो नवऱ्याबरोबर एकदा ऐकला. संपल्यावर नवरा म्हणाला, "या आवाजाच्या प्रेमात पडलो होतो मी."

"आणि आता?"

"आता तू ओरडतेस तेव्हा कळतं तरी, काय हवंय ते."

गाणं त्यांनी तळघरातच साध्या टेपवर घेतलं. मागे ओलाव्याने ठिबकणारा नळ ऐकू येतो, मध्येच मास्तरांची शिंकही आहे. या हातातून त्या हातात, एकाने दुसऱ्याला उतरवून देत ते गाणं फिरलं. परवा म्हणे दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात ते वाजत होतं. डेपोतली ड्रायव्हर मंडळी आता गाडी उशिरा सुटली की साहेबाला चिडवायला खिडकीशी येऊन म्हणतात, "बाई, एकदा तुम्ही सांगा ना, तुमच्या पद्धतीने." ती सांगतेही. खिडकीवर ती हल्ली तोंडानेच बोलते, आणि ज्यांना ऐकून दचकायचं आहे त्यांना दचकू देते.

सध्या दुसऱ्या गाण्याचं काम चालू आहे आणि त्यावरून जोरदार भांडण आहे. प्लंबरचं म्हणणं, गाणं ओल्या मोज्यांवर हवं, कारण त्याइतकं वाईट जगात काही नाही. मास्तरांना त्यात एक नदी घालायची आहे. भाचीला शब्दच नको आहेत, नुसता आरडाओरडा चालेल. गेल्या रविवारी हे सगळं ऐकून कोकिळाबाईने पाण्याचा घोट घेतला, मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आधी वाजवा. काय म्हणायचं ते तोंड उघडल्यावर बघू."