मुकी पानं

त्या सकाळी वारा पडला होता. आदला अख्खा दिवस घोंगावून, कोर्टाच्या आवारातली झाडं निम्मीशिम्मी बोडकी करून तो कुठंतरी निजायला गेला असावा. थंडी मात्र हलली नव्हती. फणीनं डोक्याला फडकं गुंडाळलं, पायांत जाड वहाणा सरकवल्या, खराटा खांद्यावर टाकला आणि बाहेर पडता पडता सुनेला रोजचा एक टोमणा ठेवून दिला.

"चहा केला होतास की भांडं विसळून पाजलंस?"

"आत्याबाई, पुढं पायरी आहे," सून म्हणाली.

फणीचा पाय जरा अडखळला. त्या पायरीवर तिचा जन्म गेला होता. पायरी आहे हे तिला सांगायचं काय कारण? पण सकाळी सकाळी तोंडाला लागायचं नाही म्हणून ती तशीच पुढं गेली.

फणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती झाडून गेली की आवारातल्या मातीवर खराट्याच्या रेघा अशा सरळ उठायच्या, की विंचरल्यासारखं वाटायचं. म्हणून वकिलांनी तिला फणी केलं. सुनेचं म्हणणं वेगळं होतं. "फणी कसली, फणा आहे तो," ती फाटकवाल्याला सांगायची, आणि फाटकवाला ही गंमत चहाबरोबर दिवसभर वाटायचा. फणीनंही सुनेचं नाव लग्नातच ठेवलं होतं. पोरगी दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच, म्हणून शिडी.

आवार केवढं, तर एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला नुसता हुंकार पोचावा. कडेनं रुंद पानांची जुनी झाडं. एरवी ती सावलीची. पक्षकार खाली बसून डबे खायचे, टायपिस्ट मशिनं मांडायचे. पानगळ लागली की तीच झाडं वैरी व्हायची. इकडून झाडत तिकडं पोचावं तर मागं पुन्हा अंथरूण घातलेलं. न्यायाधीशांची गाडी यायच्या आत सगळं लख्ख पाहिजे, हा मुकादमाचा हुकूम. हातात छडी घेऊन तो यायचा आणि एखादं पान सापडलं की छडीच्या टोकाला टोचून फणीच्या नाकासमोर धरायचा. बरीच वर्षं त्याला पान सापडलं नव्हतं.

कामाबरोबर मागच्या दोन खोल्या होत्या. घरातलं कुणीतरी झाडतंय तोवर खोल्या घरच्या. म्हणजे छपराची भीती नव्हती. फणीला भीती होती ती बसायची. मुलगा ट्रकवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. खराटा हातातून गेला की तिनं आतल्या खोलीत बसायचं आणि शिडी देईल ते खायचं. बसलेल्या म्हातारीचे काय हाल करता येतात, हे फणीला चांगलं ठाऊक होतं. तिची स्वतःची सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा फणी पाण्याचा पेला तिच्यापासून अशा अंतरावर ठेवायची, की दिसावा खरा, पण हाताला लागू नये. "ठेवलंय की पाणी," असं वर म्हणायची.

आणि आता तिला दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. गेलं ते गेलं, परत येणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तिनं ते कुणालाही कळू दिलं नाही. आधी माणसांचे चेहरे गेले, मग झाडं गेली, आता नुसता उजेड आणि काळोख एवढंच उरलं होतं. तरी आवार विंचरलेलंच राहिलं, कारण ती कानानं झाडायची. वाळलेलं पान गप्प बसत नाही. खराटा लागला की चरचरतं, पळतं, दुसऱ्या पानावर पडून कुरकुरतं. आवाज संपला की जागा साफ. नुसत्या मातीचा खर्र खर्र उरला की एक पाऊल पुढं.

हे फक्त शिडीनं ओळखलं होतं. एकदा वाटेत बादली मुद्दाम ठेवून पाहिली, एकदा कपड्यांची दोरी खाली बांधून पाहिली. मग ती गप्प राहिली. तिच्या मनात एक जुनी टोपली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पानगळीत, पोटुशी असताना, तिच्याकडून फणीनं अख्खं आवार झाडून घेतलं होतं. शेवटी पायऱ्यांखाली एक पान निघालं. फणीनं भरलेली टोपली उचलली, आवारात उपडी केली आणि म्हणाली, "पुन्हा." फाटकवाला तेव्हाही हसला होता.

त्या दिवशी पहाटे अंथरुणात फणीला पाइपाचा आवाज आला होता.

"काय चाललंय गं?"

"टाकी भरतेय."

फणी कूस बदलून झोपली. शिडीनं सगळं आवार भिजवलं, भिंतीपासून पायऱ्यांपर्यंत, पान न् पान.

आता फणीनं खराटा टेकवला आणि ओढला. आवाज आला नाही. दुसऱ्यांदा ओढला. फसफस, बस. ती थांबली, कान दिला. खराटा जड लागला त्याचा दोष तिनं खांद्याला दिला. मग भिंतीकडं गेली, तिथंही मुकं. हात लावून पाहिलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण फाटकवाल्याचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे तो बघत होता. वाकून जमीन चाचपणारी फणी त्यानं सगळ्या गावाला दाखवली असती. कालचा वारा तिला आठवला. सगळी पानं उडवून त्यानं फाटकाबाहेर नेली असणार. रस्त्यावर गेली म्हणजे नगरपालिकेची झाली. तिला हसू आलं. इतक्या वर्षांत पानगळीनं तिला एक सकाळ फुकट दिली होती.

चार रेघा इकडं, चार तिकडं ओढून ती पायऱ्यांपाशी उभी राहिली. मुकादमाच्या बुटांचा आवाज आला. त्याच्याबरोबर शिडीची चप्पल वाजली.

"झालं का गं फणे?"

"कधीच. एक पान दाखवा, आजचा दिवस फुकट राबेन."

मग फाटकवाल्याला हसू फुटलं, त्याच्यामागं टायपिस्टांना.

"एक दाखवू?" मुकादम म्हणाला. त्यानं छडीनं एक पान उचललं आणि तिच्या डोळ्यांसमोर हलवलं. "हे काय आहे?"

फणीला पाण्याचा थेंब गालावर जाणवला. डोळे मात्र हलले नाहीत.

"कुठं काय आहे?" ती म्हणाली.

"अगं, नाकाला लागतंय तुझ्या! पानांच्या थरावर उभी आहेस, आंधळे!"

आता ती वाकली. हाताला थंड, गिळगिळीत थर लागला. ओली पानं. तिनं वास घेतला. पावसाचा नव्हता, टाकीचा होता. टाकीतल्या गंजाचा.

"शिडे," ती हळूच म्हणाली, "पुरी टाकी ओतलीस की गं."

"टोपली पालथी करायला नव्हती, आत्याबाई," सून म्हणाली. "म्हणून पाणी ओतलं."

मुकादमानं फणीच्या हातातला खराटा काढून सुनेला दिला. फाटकवाला म्हणाला, "इथं माणसं निकालाची वाट बघत म्हातारी होतात. हिचा चहाच्या आत लागला." ते वाक्य त्यानं त्या दिवशी किती जणांना सांगितलं कुणास ठाऊक.

दोन-तीन दिवसांतच शिडी कंबर धरून आली.

"तुमचा खराटा मला ठेंगणा पडतो. माझ्या मापाचा एक बांधून द्या. बसून तरी काय करताय?"

तिनं काड्यांचा भारा, सुतळी आणि दांडा आतल्या खोलीत टाकला. "उन्हात वाळवल्यात. आणि पाणी ठेवलंय," म्हणाली. पेला फरशीवर टक् करून टेकला. लांब. फणीनं आवाजावरूनच अंतर ओळखलं. हात पुरणार नाही इतकं, बरोबर तेवढंच. तिचंच माप होतं ते.

घसा कोरडा पडला होता. तिनं हाक मारली नाही. दांडा उचलला, चाचपत पेल्यामागं नेला आणि अलगद ओढत पेला मांडीपाशी आणला. एक थेंब सांडू दिला नाही.

खराटा बांधायची रीत साधी असते. काड्या कोरड्या, सुतळी ओली. उलटं केलं तर पहिले दिवस खराटा दगडासारखा घट्ट वाटतो. मग काड्या वाळतात, आकसतात आणि एके सकाळी भर आवारात, मुकादमासमोर, एकेक करून दातांसारख्या पडायला लागतात.

फणीनं पेला उचलला, ओठापर्यंत नेला. मग पाणी हळूहळू काड्यांवर ओतलं, भारा फिरवत, सगळीकडं सारखं लागेल असं. ओल्या फडक्यात तो गुंडाळून बाजूला ठेवला. पाणी मुरेपर्यंत सुतळीचा गुंता सोडवला. मग भारा दोन पायांत धरला, सुतळीचं टोक दातांत पकडलं आणि पहिला वेढा आवळला.